तण राखायचं की पीक पेरायचं? टेक्सासमधल्या एका जुन्या भातखाचराचं प्रकरण

पार्श्वभूमी

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आय-टेन हायवेच्या वरच्या अंगाला, दोन मराठी भावांनी मिळून ४६ एकर जमीन घेतली. नावगाव देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशीलही बदललेत. थोरला आयटीत, धाकटा ऑइल-गॅसमध्ये. तिकडे अशी जमीन घेणाऱ्या आपल्या लोकांचं पहिलं प्रेम जमिनीवर नसतं तर ॲग एक्झम्प्शनवर असतं, म्हणजे जमीन शेतीखाली असली की टॅक्स बाजारभावावर लागत नाही, शेतीच्या उत्पन्नाच्या हिशोबाने लागतो, आणि दोन्हीतला फरक डोळे पांढरे करणारा असतो.

आधीच्या मालकापासून शेजारचा एक रँचवाला या जमिनीतलं गवत कापून गठ्ठे बांधून न्यायचा, तेवढ्यावर एक्झम्प्शन चालू होतं. मग तो म्हणाला की माझं वय झालं, आता जमत नाही. दुसरा कोणी मिळेना. तेव्हा थोरल्याला कळलं की टेक्सासमध्ये १९९५ च्या घटनादुरुस्तीपासून वन्यजीव व्यवस्थापन हासुद्धा शेतीचाच वापर धरतात. जमीन आधीच्या वर्षी शेतीच्या मूल्यांकनात असली पाहिजे आणि सात कामांपैकी निदान तीन करून दाखवायची: अधिवास सुधारणं, धूप थांबवणं, शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त, जादा पाणी, जादा खाद्य, निवारा आणि प्राणी-पक्ष्यांची गणना. यांनी पाणी, खाद्य आणि गणना निवडली, प्लॅन लिहून एप्रिलअखेरच्या आत अप्रेझल ऑफिसला, म्हणजे टॅक्ससाठी जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्या कचेरीला, दिला. मी तिथल्या मास्टर नॅचरलिस्टचं (निसर्गाच्या कामाच्या स्वयंसेवकांचं) ट्रेनिंग घेतलेला आणि त्यांच्या ओळखीतला, म्हणून मला "जरा येऊन बघ" असा फोन आला.

जमीन दोन तऱ्हेची. खालच्या अंगाला नऊ एकरांचं जुनं भातखाचर, बांध शाबूत, एका कोपऱ्यात पाणी सोडायची मोरी आणि तिच्यात उभ्या खाचेत सरकवायच्या फळ्या. हा सगळा पट्टा एकेकाळी भाताचा, आता भात बराच कमी झालाय, जवळच्या, टेक्सासमधल्याच कोलोरॅडो नदीवरच्या बहुतेक भातकऱ्यांचं पाणी तर २०१२ साली दुष्काळात तोडलंच होतं. आणि भात गेलं की त्याच्यावर हिवाळा काढणारी बदकं आणि गीज (रानहंस) कुठे जाणार हा प्रश्न तिथे खरोखरचा आहे. वरच्या अंगाला पाचसहा एकर रेताड माळ, बाकी गवत.

अडचण काय होती

फॉर्मवर "जादा खाद्य" लिहिणं सोपं, पण कुणाला आणि काय खायला घालायचं यावर घरात तीन मतं होती.

धाकट्याला होले, म्हणजे कबुतराच्या जातीचे डव्ह, हवे होते. तिकडे १ सप्टेंबरला राज्याच्या मध्य शिकार-विभागात होल्यांच्या शिकारीचा सीझन उघडतो, त्या दिवशी अर्धं टेक्सास सूर्यफुलाच्या शेताच्या कडेला खुर्ची टाकून बसलेलं असतं, आणि चांगलं शेत असेल तर लोक लीजचे पैसे मोजतात. थोरल्याला फक्त प्लॅन मंजूर व्हायला हवा होता, कारण वापर बदलला असं ठरलं तर मागच्या तीन वर्षांचा टॅक्सचा फरक भरावा लागतो. आणि वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, माहेर सोलापूरकडचं, भिगवणला बदकं बघत मोठी झालेली, तिचं म्हणणं होतं की इथे थापट्या आणि तलवार बदक येतात, तेच जे उजनीला येतात, त्यांच्यासाठी हे खाचर करायचं आणि बंदूक नावाची वस्तू गेटच्या आत येता कामा नये. "भाऊजी, तुम्हाला शिकारच करायची तर दुसरीकडे जा," हे वाक्य माझ्यासमोरच झालं.

त्यात मिरजेकडून बाबा सहा महिन्यांसाठी आलेले, आयुष्यभर शेती केलेला माणूस. त्यांनी खाचरातलं रान बघितलं आणि सरळ विचारलं की खुरपी कुठे मिळतात. तण राखायचं हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोघा भावांनाही मनातून पटत नव्हतंच, रस्त्यावरून जाणारे काय म्हणतील असं वाटायचं.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय सगळं पेरायचा, खाली मका आणि वर सूर्यफूल. उभा मका पाण्यात ठेवला की मॅलार्डसारखी मोठी बदकं तुटून पडतात, एकरी दाणाही तणापेक्षा कितीतरी जास्त आणि कॅलरीही जास्त. पण मक्यात प्रोटीन कमी, टीलसारख्या लहान चोचीच्या बदकांना तो दाणा जड, आणि नऊ एकर मका करायचा तर खत, फवारा, ट्रॅक्टर सगळंच आलं. शिवाय दाणा पाण्यात पडला की सडतो. बी पाण्यात किती टिकतं हे तिकडे फार पूर्वी मोजून ठेवलंय: ९० दिवसांत सोयाबीन जवळजवळ संपतं, मका निम्मा जातो, भात मात्र पाचव्या हिश्शाएवढाच खराब होतो, आणि स्मार्टवीड नावाच्या पाणतणाचं बीही असंच टिकाऊ. ज्याला जानेवारीत बदकं हवीत त्याने हा हिशोब आधी बघावा.

दुसरा पर्याय काहीच न पेरायचा, नुसतं पाणी वरखाली करून तण उगवू द्यायचं. जुन्या खाचराच्या मातीत बियांचा साठा पडलेलाच असतो, सावा-पाखडाच्या जातीचं गवत (तिकडे बार्नयार्ड ग्रास), स्प्रँगलटॉप, लव्हाळ्याच्या जातीतले मोथे, स्मार्टवीड. याचं एकरी बी साधारण ४००-५०० पौंड धरतात, नीट जमलं तर दुप्पटही होतं. आणि तण कुजायला लागलं की त्यात किडे-अळ्या होतात, हिवाळा सरता सरता बदकांना दाण्यापेक्षा त्याच जास्त लागतात. पिकाच्या धसकटात एवढी चंगळ नसते.

तिसरा, दुकानातून दाण्याची पोती आणून टाकायची. हा मी लगेच नको म्हणालो. एका जागी गर्दी झाली की होल्यांमध्ये ट्रायकोमोनासचा घशाचा रोग पसरतो, ओल्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष होतं, आणि कायद्याच्या भाषेत तो थेट बेट, म्हणजे आमिष. असं आमिष टाकलेल्या जागेत पक्षी मारणं गुन्हा, आणि शेवटचा दाणा उचलल्यानंतरही दहा दिवस ती जागा तशीच धरतात.

चौथा पर्याय मिसळीचा, खाली तण आणि वर थोडं सूर्यफूल. शेवटी हाच घेतला, पण एकमताने नाही, थकून.

निर्णय पहिला: पाणी कधी सोडायचं

हिवाळ्याच्या पावसाने खाचर भरलेलं होतं. हे लोक फक्त वीकेंडला जाणार, त्यामुळे धाकट्याचं म्हणणं की एका शनिवारी सगळ्या फळ्या काढू आणि मोकळे होऊ. तणाच्या शेतीत पेरणी नसते, पाणी सोडणं हीच पेरणी असते, आणि जमीन कधी उघडी पडते यावर कुठलं तण येणार ते ठरतं. थंडी असताना लवकर उघडी पडली तर स्मार्टवीड, जरा ऊब आल्यावर सावा, आणि ऊन तापल्यावर एकदम कोरडी पडली तर नको ती मंडळी, गोखरू आणि सेस्बेनिया. म्हणून ठरलं की एप्रिलपासून दर वीकेंडला एकच फळी काढायची.

ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. कडेला स्मार्टवीड आलं, मध्ये सावा आणि स्प्रँगलटॉप असे पट्टे पडले, प्रत्येक पट्टा म्हणजे पाणी किती खाली गेलं त्याची रेघ. मग मे महिन्यात मुलांच्या परीक्षा, ग्रॅज्युएशनच्या पार्ट्या, तीन आठवडे कुणी गेलंच नाही, आणि जूनमध्ये जाऊन धाकट्याने उरलेल्या फळ्या एकदम काढल्या. त्या शेवटच्या दीडएक एकरात जुलैपर्यंत सेस्बेनियाचं जंगल, डोक्याच्या वर.

बाबांनी पान बघूनच सांगितलं की ही शेवरीची भावंडं. त्यांच्याकडे पानमळ्यात वेलीला आधार म्हणून शेवरी लावतात, पाला शेळीला जातो. इथे वेल नाही आणि शेळीही नाही. बदकांना ही उंच झाडं नकोच असतात, वरून पाणी दिसत नाही आणि खाली बाकीचं काही उगवत नाही. पाण्यात बुडवून मारावी तर सेस्बेनिया पाण्याला दाद देत नाही (कोवळं गोखरू मात्र दोन दिवस डोक्यावर पाणी राहिलं की मरतं). फवारा वहिनीला नको. म्हणून बहुतेक कोपऱ्यावर श्रेडर (ट्रॅक्टरमागचं कापायचं यंत्र) फिरवला आणि बांधालगतचा पट्टा, जिथे ट्रॅक्टर घसरत होता, तो बाबांनी पाऊस पडून गेलेल्या सकाळी दोघा नातवांना हाताशी धरून मुळासकट उपटला. खुरपणीची हौस अशी भागली. श्रेडर फिरवलेल्या जागेत ऑगस्टमध्ये सावा पुन्हा आला, उशिरा आणि बुटका, पण आला.

निर्णय दुसरा: वरचं सूर्यफूल

होल्याच्या पायात उकरायचं बळ नसतं, तो उघड्या मातीवर पडलेलं बी टिपतो, दाट गवतात उतरतच नाही. त्यामुळे होल्यासाठी नुसतं बी असून भागत नाही, बियाखालची जमीन मोकळी लागते. सूर्यफूल यासाठीच लावतात, खाली सावलीत माती मोकळी राहते आणि ऑगस्टमध्ये पट्ट्यापट्ट्याने कापलं की बी जमिनीवर येतं.

तीन एकर पेरलं, एप्रिलच्या शेवटी, म्हणजे उशिराच. जूनमध्ये रानडुकरांनी एक बाजू उकरून काढली, तिथे पुन्हा पेरायला वेळ नव्हता. त्या उखडलेल्या रेताड तुकड्यात आपोआप क्रोटन आलं, ज्याला तिकडचे लोक डव्हवीडच म्हणतात, शिवाय राजगिऱ्याच्या जातीचं पिगवीड आणि राळ्याच्या जातीचं फॉक्सटेल. धाकट्याला तो तुकडा बघवत नव्हता, तो डिस्क (ट्रॅक्टरचा तव्यांचा कुळव) मारून साफ करायला निघाला होता. मी आणि शेजारचा म्हातारा रँचवाला, दोघांनी त्याला थांबवलं.

निर्णय तिसरा: बांधाकडेची मिलेट

सगळ्यात जास्त डोकं इथेच चाललं.

जूनमध्ये धाकट्याने कुणाला न विचारता खाचराच्या आतून बांधालगत ब्राउनटॉप मिलेट, म्हणजे बारीक दाण्याचं एक भरडधान्य, फेकली होती, दोन महिन्यांत तयार होते म्हणून. ऑगस्टअखेर कणसं भरली. होल्यांच्या सीझनसाठी त्याने चार जणांना लीज देऊन टाकलं होतं (वहिनीला हे नंतर कळलं, तो भाग गाळतो). आता प्लॅन असा की मिलेटवर श्रेडर फिरवायचा, होले येतील, आणि सप्टेंबरच्या मध्यात टीलचा छोटा सीझन असतो तेव्हा तेच चौघे खाचरात निळ्या पंखांच्या टील मारतील, त्याचे थोडे जास्त पैसे.

इथे कायदा आडवा येतो. होले आणि बदकं दोन्ही १९१८ च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टखाली, पण नियम वेगवेगळे. ज्या शेतात पीक वाढलं त्याच शेतात ते कापून, तुडवून, जाळून त्यावर होले मारता येतात. बदकं नाही. बदकांसाठी उभ्या पिकात पाणी सोडलं तर चालतं, पण न काढलेलं पीक श्रेडरने पाडलं की ते आमिष. आपोआप आलेलं रान मात्र कसंही कापा, बदकांच्या बाबतीतही चालतं. आणि मिलेटचं प्रकरण खास: पेरलेली मिलेट पीक धरतात, पण तीच पुढच्या वर्षी पडलेल्या दाण्यातून स्वतःहून उगवली तर ती नैसर्गिक रान. धाकटा म्हणाला, "म्हणजे यंदा गुन्हा आणि पुढच्या वर्षी तण?" तर हो, नेमकं तेच.

बरं, आमिषापासून किती लांब बसलं की चालतं याचा ठरलेला आकडा नाही. दाण्याच्या ओढीने पक्षी जिथून शिकाऱ्याकडे येतात तेवढी सगळी जागा त्यात येते, आणि १९९८ च्या दुरुस्तीनंतर निकष असा की तुम्हाला माहीत होतं किंवा माहीत असायला हवं होतं. नुसतं "मला काय माहीत" म्हणून सुटता येत नाही.

मी सांगितलं की माझ्या शब्दावर जाऊ नका, गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीचे नियम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, फोन करा. फोन थोरल्याने केला. उत्तर सरळ आलं की मिलेट कापलीत तर त्या खाचरात बदकांवर गोळी झाडायची नाही, उभी ठेवून पाणी सोडलंत तर प्रश्न नाही.

रात्री किचन टेबलवर बैठक झाली, दीडदोन तास चालली असेल. ठरलं ते असं: मिलेट उभी राहणार. श्रेडर फक्त वरच्या सूर्यफुलावर. लीज एका वर्षापुरतं, फक्त होल्यांचं, फक्त वरच्या माळावर. खालच्या खाचरात कुठलीच शिकार नाही, हे लीजच्या कागदावर लिहून घेतलं. टीलचे पैसे सोडले. वहिनी खूश नव्हती, पण गणनेचं काम तिच्याकडे आलं आणि खाचराची फळी कधी लावायची हेही तिनेच ठरवायचं.

काय झालं

पहिल्या दिवशी होले चांगले आले. पण ते कापलेल्या सूर्यफुलावर कमी आणि डुकरांनी उखडलेल्या त्या तुकड्यावर जास्त उतरत होते. लीजवाल्यांपैकी एकाने मारलेल्या मोर्निंग डव्हचा (तिथला नेहमीचा होला) गळ्याजवळचा पोटा चिरून ट्रकच्या फळीवर दाणे पसरले, बाबा वाकून बघत होते. बहुतेक क्रोटनचंच बी, करडं, गुळगुळीत, बुटक्या एरंडीसारखं, आणि आहेच ते एरंडाच्या कुळातलं. सोबत फॉक्सटेलचे बारके दाणे आणि सूर्यफुलाच्या मोजून चारपाच बिया. फुकट आलेलं तण खाल्लं आणि पैसे घातलेलं पीक चाखलं. व्हाइट-विंग्ड डव्ह, म्हणजे पंखावर पांढरा पट्टा असलेले होले, मात्र उभ्या सूर्यफुलाच्या ताटावर बसूनच खात होते. सूर्यफुलाचं बियाणं, खत आणि डिझेल लीजच्या पैशातून जेमतेम निघालं.

गळ्यात काळी पट्टी असलेले आपले कंठीवाले होलेही तिथे होते, तीच जात, १९७० च्या दशकात बहामामध्ये पिंजऱ्यातून सुटले आणि पुढे फ्लोरिडातून अमेरिकेच्या बहुतेक भागात पसरले. त्यांच्यावर टेक्सासमध्ये सीझन नाही, मर्यादा नाही. बाबांना याचं फार वाईट वाटलं.

खाली वहिनीने सप्टेंबरमध्ये विहिरीच्या पंपावर फक्त एक कोपरा भिजवला, चारपाच इंच. निळ्या पंखांच्या टील लगेच उतरल्या, त्यांना खोल पाणी नकोच असतं, डोकं बुडवून तळ लागला पाहिजे. पुढे पाऊस आला तशी ती एकेक फळी चढवत गेली, म्हणजे पाण्याची कड दर थोड्या दिवसांनी नव्या, न खाल्लेल्या तणात जाणार. नोव्हेंबरात हिरव्या पंखांच्या टील, थापट्या, गडवाल आणि थोडे तलवार बदक. अडईची काळ्या पोटाची अमेरिकन बहीणही यायची, संध्याकाळी शिट्ट्या घालत.

मिलेटचं काय झालं? पाणी तिथे पोचायच्या आधीच लाल खांद्यांच्या ब्लॅकबर्डच्या थव्यांनी जवळजवळ सगळी साफ केली. बदकांच्या वाट्याला धाटं. सावा डिसेंबरपर्यंत पुरला, स्मार्टवीडचं बी मात्र जानेवारीच्या शेवटीही चिखलात सापडत होतं, वहिनीने चहाच्या गाळणीने चाळून फोटो पाठवला होता. त्या गाळणीत लालसर अळ्याही वळवळत होत्या.

अप्रेझल ऑफिसने प्लॅन मान्य केला.

वेगळं काय करता आलं असतं

शिकार होणार की नाही आणि कुठल्या पक्ष्याची, हे पेरणीच्या आधी ठरायला हवं होतं. यांनी बी आधी फेकलं आणि प्रश्न नंतर विचारला, त्यामुळे कापायचं की नाही यावर ऐन ऑगस्टमध्ये घर पेटलं. पाणतणाचं खाचर आणि होल्यांचं शेत एकाच बांधाला लागून नसलेलंच बरं, कायद्यासाठीही आणि भावाभावांसाठीही.

वर सूर्यफुलाऐवजी डिसेंबर ते फेब्रुवारीत रेताड माळावर पट्ट्यांत डिस्क फिरवला असता तर क्रोटन, रानसूर्यफूल अशी रुंद पानांची मंडळी आपोआप आली असती (उन्हाळ्यात फिरवला तर गवत जास्त येतं). डुकरांनी तेच काम जूनमध्ये फुकट केलं, जरा ओबडधोबड. तरी मी सूर्यफूल पूर्ण सोडा म्हणत नाही, एक एकर ठेवा, व्हाइट-विंग्डसाठी.

आणि फळ्या काढायला एखादा स्थानिक माणूस पैसे देऊन ठेवावा. मे महिन्यातले ते तीन आठवडे त्या कोपऱ्याला फार महाग पडले, कारण सेस्बेनियाचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांसाठी एवढंच की यातला पाण्याचा भाग शेततळ्याच्या किंवा पाझर तलावाच्या उतरत्या काठाला लावून बघता येईल, पण बंदुकीचा भाग विसरा, १९७२ च्या कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे. आणि "तण राखलं" म्हणून गाजर गवत वाढवू नका, ते कुणीच खात नाही.

सध्या परिस्थिती अशी आहे की लीजवाल्यांनी पुढच्या वर्षासाठी पुन्हा विचारलंय आणि यावेळी टीलसुद्धा मागितल्यात. बांधाकडे सांडलेल्या मिलेटची रोपं आलीत, कायद्याने आता ती तण, कापली तरी चालतील, धाकट्याने हे वहिनीला दोनदा ऐकवून झालंय. वहिनीने फळ्यांच्या खाचेला कुलूप घातलंय आणि किल्ली तिच्याकडेच आहे.